आयाहुआस्काची मंडळे आणि कायद्याचे संरक्षण : अमेरिकेतील मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत आयाहुआस्काच्या ‘सेरेमनी’ भरवणाऱ्या आणि त्यांना जाणाऱ्या मराठी मंडळींना

स. न. वि. वि.

मी या देशात वकिली करते. माझे बरेचसे काम इमिग्रेशनचे असते आणि थोडेफार धार्मिक संस्थांच्या नोंदणीचे. अलीकडे या दोन्ही कामांसाठी येणारी आपली माणसे, मुख्य विषय आटोपला की, आवाज जरा खाली आणून एकच प्रश्न विचारतात. ‘आम्ही अधूनमधून एका मंडळात मेडिसिन घ्यायला जातो. ते मंडळ प्रायव्हेट रिलिजियस असोसिएशन म्हणून चालते आणि आम्ही त्याचा फॉर्म भरून रीतसर सदस्य झालो आहोत, तेव्हा कायद्याचा काही प्रश्न नाही ना?’ प्रश्न आहे, आणि तो त्या फॉर्मने सुटत नाही. (‘मेडिसिन’ म्हणजे आयाहुआस्का, अमेझॉनच्या खोऱ्यातील एक वेल आणि पाने उकळून केलेला, दृष्टान्त घडवणारा काढा.) प्रत्येकाला हे वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. आयाहुआस्का घेणे चांगले की वाईट, त्यातून कोणाला काय गवसते, यावर मला बोलायचे नाही. ज्यांनी ती श्रद्धेने घेतली आणि ज्यांचे नैराश्य किंवा दारू त्यानंतर सुटली असे जे सांगतात, त्यांच्या अनुभवाला मी खोटे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की धर्मासाठी अशी वनस्पती घेणाऱ्याला अमेरिकेत खरेखुरे कायदेशीर संरक्षण मिळू शकते, ते काही समाजांनी फार सोसून मिळवले आहे, आणि तुमच्या हाती दिला जाणारा सदस्यत्वाचा कागद म्हणजे ते संरक्षण नव्हे.

आधी त्या कागदाकडे पाहू. माझ्याकडे आलेल्या अशा अर्जांतील मजकूर जवळजवळ सारखाच असतो. राज्यघटनेच्या पहिल्या आणि चौदाव्या दुरुस्तीनुसार सदस्य ‘सार्वजनिक क्षेत्रातून’ ‘खाजगी क्षेत्रात’ येत आहे, त्यामुळे अंमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारी डीईए, औषधांचे नियमन करणारी एफडीए किंवा राज्याचे आरोग्य खाते यांपैकी कोणाचाही अधिकार इथे चालत नाही, असे त्यात ठासून लिहिलेले असते. आधार म्हणून बहुधा १९५८ सालचा अलाबामा राज्याविरुद्धचा एनएएसीपीचा खटला दाखवतात. त्या खटल्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे राज्याने सदस्यांची यादी मागितली होती आणि यादी उघड झाली तर सदस्यांच्या जिवावर बेतेल हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. एकत्र येण्याचे स्वातंत्र्य त्या निकालाने बळकट केले यात शंका नाही, परंतु एकत्र आलेल्या माणसांना फौजदारी कायदा लागू होत नाही असे त्या निकालपत्रात कुठेही म्हटलेले नाही.

हीच युक्ती याआधी दुधाच्या बाबतीत करून झाली आहे. पेनसिल्व्हेनियातील एका आमिश शेतकऱ्याने कच्चे दूध राज्याच्या सीमेपलीकडे पाठवण्यावरील बंदी चुकवण्यासाठी ग्राहकांना खाजगी संघटनेचे सदस्य करून घेतले होते आणि ते दूध विकत घेत नसून गाईतला आपला हिस्सा घेत आहेत असा करार केला होता. २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने तो करार म्हणजे निव्वळ पळवाट ठरवला. दुधाला जे जमले नाही ते पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे संघीय कायद्याने सर्वाधिक निर्बंध घातलेल्या पदार्थाला कसे जमावे? आयाहुआस्काच्या काढ्यात चाक्रुना या झुडपाच्या पानांतून डीएमटी हे भास घडवणारे द्रव्य येते, आणि डीएमटी हेरॉइनच्याच अनुसूचीत आहे. अर्जावर कधीकधी प्राप्तिकर कायद्याच्या ५०८व्या कलमाचाही उल्लेख असतो. ते कलम चर्चला करमाफीसाठी अर्ज करण्यातून सूट देते. कराच्या सवलतीचा अंमली पदार्थांच्या कायद्याशी काडीचाही संबंध नाही.

संघटना नोंदवून धर्माचे रक्षण करण्याची कल्पना मात्र मुळात थिल्लर नाही. या देशात तिची सुरुवात १९१८ मध्ये ओक्लाहोमात झाली. पेयोटी या भास घडवणाऱ्या निवडुंगावर बंदी घालण्याचे विधेयक त्या वर्षी काँग्रेसमध्ये आले होते. तेव्हा अनेक जमातींच्या प्रमुखांनी, स्मिथसोनियन संस्थेतील मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी यांच्या सल्ल्याने, ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ या नावाने रीतसर संस्था नोंदवली. गोऱ्या राज्यकर्त्यांना ‘चर्च’ हा शब्द कळतो, तर आपल्या रात्रभर चालणाऱ्या विधीला त्यांच्याच शब्दात बसवू, असा तो धूर्त आणि केविलवाणा निर्णय होता. तरी त्या नोंदणीने त्यांना तुरुंगापासून वाचवले नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात नीडल्सजवळ पेयोटीचा विधी करणाऱ्या नाव्हाहो जमातीच्या लोकांना पोलिसांनी पकडले आणि १९६४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, ती त्यांच्याकडे नोंदणीचा कागद होता म्हणून नव्हे. पेयोटी काढून घेतला तर त्या धर्माचा गाभाच उरत नाही, हे न्यायालयाला पटले म्हणून.

मग १९९० साल आले. ओरेगनमधील आल्फ्रेड स्मिथ आणि गॅलन ब्लॅक हे दोघे व्यसनमुक्तीच्या एका संस्थेत काम करत होते. चर्चच्या विधीत पेयोटी घेतल्याबद्दल त्यांना नोकरीवरून काढले आणि राज्याने बेकारी भत्ताही नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू घेतली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेल्या निकालाचा अर्थ असा होता की कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि कोणत्याही धर्मावर नेम धरून केलेला नसेल, तर धर्माच्या नावाने त्यातून सूट मागता येत नाही. या निकालाने सगळ्याच धर्मांचे लोक हादरले आणि एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष आणि पंथ एकत्र आले. त्यातून १९९३ मध्ये ‘धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा’ झाला. वकील त्याला रिफ्रा म्हणतात. पुढच्याच वर्षी आदिवासींच्या पारंपरिक पेयोटी-विधीला काँग्रेसने स्वतंत्र कायद्याने मान्यता दिली.

तुमचे मंडळ ज्याच्या आधारावर उभे राहू शकते असा मुख्य संघीय कायदा म्हणजे हा रिफ्रा. तो म्हणतो की संघीय सरकारने एखाद्याच्या प्रामाणिक धर्माचरणावर मोठा भार टाकला, तर तसे करण्यामागे अत्यंत सबळ सार्वजनिक हित आहे आणि ते साधण्याचा याहून सौम्य मार्ग नाही, हे सरकारने त्या विशिष्ट माणसाच्या संदर्भात सिद्ध केले पाहिजे. मात्र १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा राज्य सरकारांना लागू होत नाही असे ठरवले. म्हणजे डीईएसमोर तुमची बाजू भक्कम असली तरी राज्याच्या पोलिसांसमोर ती तशीच टिकेल असे नाही. ही गोष्ट मंडळांच्या माहितीपत्रकात मला अजून लिहिलेली दिसलेली नाही.

रिफ्राच्या बळावर आयाहुआस्काला न्याय कसा मिळाला हे जरा तपशिलाने सांगायला हवे, कारण तुम्ही सगळे त्याच खटल्याचे नाव घेता. ब्राझीलमध्ये १९६१ साली झोझे गाब्रिएल दा कोस्टा या रबराचा चीक गोळा करणाऱ्या कामगाराने ‘उनियाओ दो वेजेताल’ हा पंथ स्थापन केला. ख्रिस्ती श्रद्धा, पुनर्जन्मावरचा विश्वास आणि वेल व पाने उकळून केलेला होआस्का हा काढा, असे त्याचे स्वरूप आहे. मे १९९९ मध्ये अमेरिकी कस्टम्सने न्यू मेक्सिकोतील सांता फे इथे या पंथाच्या शाखेसाठी आलेला सुमारे ३० गॅलन काढा जप्त केला. त्या वेळी अमेरिकेत या पंथाचे सुमारे १३० सदस्य होते. पंथाने सरकारवर दावा लावला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी पंथाच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती अलिटो नुकतेच आले असल्याने त्यांनी भाग घेतला नव्हता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सरकारला विचारलेला मुद्दा बिनतोड होता. लाखो आदिवासींना पेयोटीची सूट देता येते आणि आभाळ कोसळत नाही, तर १३० माणसांना होआस्काची सूट दिल्याने कायदाच मोडकळीला येतो हे कसे? ‘तुला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल’ हे नोकरशहांचे सनातन उत्तर रिफ्रापुढे चालत नाही, असा त्यांचा रोख होता.

या निकालाचा जो भाग सांगितला जात नाही तो असा की पंथाची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि बंदीने तिच्यावर मोठा भार पडतो, हे सरकारने न्यायालयात मान्यच केले होते. भांडण फक्त सरकारच्या हिताबद्दल होते. प्रामाणिकपणावर सरकारला बोट ठेवता आले नाही, कारण पंथाला स्थापनेपासूनचा इतिहास होता, ठरलेल्या तिथीला ठरलेली उपासना होती आणि बाजारात विकण्याचा प्रश्नच नव्हता. निकालानंतरही त्यांनी डीईएकडे नोंदणी केली आणि काढा कुठून आला, किती आला, कुठे ठेवला याच्या नोंदी ठेवण्याचे मान्य केले. आयाहुआस्काच घेणाऱ्या, मूळच्या ब्राझीलच्या सांतो दाइमे पंथाच्या ओरेगनमधील चर्चला २००९ मध्ये जिल्हा न्यायालयाने असेच संरक्षण दिले. दोन्ही पंथ उजेडात उभे राहून लढले. सरकारचा अधिकार आमच्यावर चालत नाही असे त्यांनी कधी म्हटले नाही. सरकारने आपला अधिकार कायद्यानुसार वापरावा असे म्हटले. तुमच्या अर्जातील भाषा नेमकी याच्या उलट आहे आणि उद्या खटला उभा राहिला तर तीच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवली जाईल.

हरलेल्यांच्या यादीत, दुर्दैवाने, आपला धर्मही आहे. १९६५ च्या डिसेंबरात एलएसडीचा पुरस्कार करणारे मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी यांना टेक्सासमधील लारेडोच्या नाक्यावर गांजासह पकडले. आपण हिंदू आहोत आणि गांजा हा आपल्या साधनेचा भाग आहे, असा बचाव त्यांनी केला. १९६७ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुढे सर्वोच्च न्यायालयात ते सुटले ते वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर. १९६८ मध्ये एलएसडीला प्रसाद मानणाऱ्या ‘निओ-अमेरिकन चर्च’ नावाच्या एका संस्थेचे प्रकरण वॉशिंग्टनच्या न्यायालयात आले. त्या चर्चच्या पुरोहितांना ‘बू हू’ म्हणत. न्यायाधीशांना त्यात धर्म कमी आणि थट्टा जास्त दिसली. २०१० मध्ये ‘चर्च ऑफ कॉग्निझन्स’च्या दांपत्याचा खटला आला, त्यांच्या ताब्यात १७२ पौंड गांजा सापडला होता. गांजा हाच देव आणि हाच प्रसाद, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने माल वाहून न्यायचा त्या माणसाला त्यांनी आदल्या रात्री घाईघाईने चर्चचा सदस्य करून घेतले होते. आता सर्वोच्च न्यायालयात असलेले न्यायमूर्ती गॉर्सच यांनी तेव्हा अपील न्यायालयाचा निकाल लिहिला आणि श्रद्धा प्रामाणिक नसल्याचा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम ठेवला. आदल्या रात्री भरलेला सदस्यत्वाचा अर्ज! तुमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्याला पेला देण्याआधी काय भरायला देतात, ते आठवून पाहा.

सोमरसाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या मंडळींच्या बोलण्यात तो हटकून येतो. ‘अपाम सोमममृता अभूम’ ही ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील ओळ म्हणून, ही आपलीच परंपरा आहे असे सांगितले जाते. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर विद्वानांचे एकमत आजही नाही. सोम मिळाला नाही तर पूतीक ही दुसरी वनस्पती वापरावी अशी तरतूद ब्राह्मणग्रंथांतच आहे, आणि आज आपल्याकडे सोमयाग होतात तेव्हा सोमवल्ली म्हणून जी वेल कुटतात तिने कोणाला दृष्टान्त होत नाहीत. अमेझॉनच्या खोऱ्यातील वेलीचा आणि यज्ञातील सोमाचा धागा जोडायचा असेल तर तो कवीने खुशाल जोडावा, पण शपथपत्रात जोडू नये. गंमत अशी की रिफ्राला प्राचीनतेची गरजच नाही. आचरण धर्माच्या केंद्रस्थानी असो वा नसो, ते खरेपणाने मानलेले असले म्हणजे पुरे, असे कायदाच म्हणतो. कालपरवा सापडलेली श्रद्धाही चालते. उसनी वंशावळ लावली की मात्र ती खरी श्रद्धाही संशयास्पद होते.

भारतात भांग चालते, मग इथे का नाही, असेही मला विचारतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या करताना शेंडे सोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. महाशिवरात्रीची भांग त्या कायद्यातून सुटते ती या व्याख्येमुळे. त्यात धर्माला दिलेली सूट कुठेही नाही, तेव्हा तो दाखला इथे उपयोगाचा नाही.

आता तुमच्या मंडळांच्या कारभाराबद्दल. न्यायालय श्रद्धा तपासते तेव्हा ती माणसाच्या मनात डोकावून तपासू शकत नाही. ते वागणूक पाहते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन जागा शिल्लक’ म्हणून फिरणारा संदेश, शनिवार-रविवारचे ठरीव ‘डोनेशन’, लवकर नाव नोंदवल्यास सवलत, मधल्या काळात कोणतीही उपासना नाही, शिकवण नाही, सुखदुःखात एकमेकांकडे जाणे नाही, हे सगळे एकत्र ठेवले की धर्मसंस्थेपेक्षा सहलीच्या कंपनीचे चित्र उभे राहते. तुमच्यातील काही मंडळे अशी नाहीत हे मला माहीत आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे एका गुरुपरंपरेखाली निष्ठेने हे केले आहे, त्यांनाच या बाजाराचा सगळ्यात मोठा फटका बसणार आहे.

आणि सुरक्षितता. या काढ्यातील वेलीत असणारी हार्मिनसारखी द्रव्ये डीएमटी मोडून टाकणारे शरीरातील एमएओ हे विकर रोखतात. म्हणूनच पोटातून घेतलेल्या डीएमटीचा परिणाम होतो. त्याच कारणाने नैराश्यावरची एसएसआरआय गटातील औषधे घेणाऱ्याला हा काढा धोकादायक ठरू शकतो, आणि आपल्या समाजात ही औषधे घेणारे ती घेत असल्याचे घरातसुद्धा सांगत नाहीत. आरोग्याची खरी, खाजगीत केलेली चौकशी न करता पेला देणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, मी त्याची बाजू मांडणार नाही. फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या ‘सोल क्वेस्ट’ या चर्चमध्ये २०१८ मध्ये एका तरुणाचा मृत्यू ओढवला. तिथे कांबो हा बेडकाचा स्राव दिल्यानंतर अतिपाण्यामुळे त्याच्या रक्तातील सोडियम कोसळले होते. २०२४ मध्ये जूरीने त्या प्रकरणात दीड कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तिथेही सदस्यांकडून कागदावर सह्या घेतल्या जात होत्या.

सरकारचे सगळे बरोबर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. डीईएने २००९ मध्ये धार्मिक सवलतीसाठी अर्ज करण्याची पद्धत ठरवली. त्या नियमांप्रमाणे अर्ज मंजूर होऊन नोंदणी मिळेपर्यंत विधी बंद ठेवायचा, अर्जात मात्र आपण कोणता पदार्थ, किती आणि कसा वापरतो ते शपथेवर लिहायचे, आणि निर्णय कधी येईल याला मुदत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोल क्वेस्टच्या २०१७ च्या अर्जाला नकार यायला २०२१ उजाडले. संघीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या अहवालात या प्रक्रियेवर टीका केली. २०१६ पासून आलेल्या अर्जांपैकी तोवर एकही मंजूर झालेला नव्हता. ज्या प्रक्रियेतून इतकी वर्षे कोणी पार झाले नाही तिला प्रक्रिया म्हणणे कठीण होते, आणि लोक खाजगी संघटनांच्या फॉर्मकडे वळतात याला डीईएचा हा कारभारही जबाबदार आहे. तरीसुद्धा वाट अगदी बंद नाही. ॲरिझोनातील ‘चर्च ऑफ द ईगल अँड द कॉन्डॉर’ने काढा जप्त झाल्यावर सरकारवर दावा लावला आणि २०२४ मध्ये सरकारने तडजोड करून त्यांचा विधी मान्य केला. वेळ आणि पैसा प्रचंड लागतो. पण शंभर मराठी कुटुंबांच्या एका मंडळाला अशक्य वाटावा इतका नाही. याहून मोठे खर्च आपण अधिवेशनांवर करतो.

पेयोटीबद्दल एकच विनंती. दक्षिण टेक्सासच्या काही मोजक्या काउंट्यांत आणि मेक्सिकोच्या उत्तरेत तो उगवतो, बीपासून पूर्ण वाढायला दहा वर्षांहून अधिक काळ घेतो आणि झपाट्याने कमी होतो आहे. इतर वनस्पतींवरील निर्बंध सैल करताना पेयोटीला त्यातून वगळा, असे नेटिव्ह अमेरिकन चर्चचे प्रतिनिधी सांगत आले आहेत. ज्यांच्या लढ्यामुळे रिफ्रा अस्तित्वात आला त्यांचे एवढे तरी ऐकावे. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नसावा.

शेवटी, ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही त्यांच्यासाठी. इमिग्रेशन कायद्यानुसार अंमली पदार्थांच्या कायद्याचा भंग केल्याची नुसती कबुली, खटला आणि शिक्षा न होताही, या देशात प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. यातून माफी आहे ती फक्त ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा एकदाच जवळ बाळगल्याच्या प्रकरणाला, डीएमटीला नाही. ग्रीन कार्डाची मुलाखत, एच-१बीवर भारतात जाऊन परतताना विमानतळावर होणारी चौकशी, नागरिकत्वाचा अर्ज, या प्रत्येक ठिकाणी प्रश्न शपथेवर विचारला जाऊ शकतो. ओरेगन आणि कोलोरॅडो राज्यांनी सिलोसायबिन या अळंबीतील भास घडवणाऱ्या द्रव्याबाबत केलेले कायदे या बाबतीत उपयोगी पडत नाहीत, कारण इमिग्रेशन हा संघीय विषय आहे. म्हणून मंडळे चालवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की व्हिसावर असलेल्या माणसाला हा धोका पेला देण्याच्या किती तरी आधी, मराठीत आणि लेखी सांगा. ‘आपण पूर्णपणे कायदेशीर आहोत’ हे वाक्य कोणालाही सांगू नका. आणि जे आधीच जाऊन आले आहेत त्यांनी खोटे उत्तर देण्याचा विचार मनात आणू नये, तो वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा होतो. त्यांनी पुढचा कोणताही अर्ज भरण्यापूर्वी किंवा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावे, आणि मंडळात सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत सोबत न्यावी.

कळावे,
आपली,
एक मराठी वकील
न्यू जर्सी